स्कॉटलंडची कथागीते : इतिहास किती आणि आठवण किती?

पोवाड्याला इतिहासाचे साधन मानावे की नाही, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. एक बाजू म्हणते, शाहिराने सांगितले ते प्रमाण. दुसरी बाजू म्हणते, शाहीर बिदागीसाठी गाणारा, त्याच्या शब्दावर किती विसंबायचे? या वादात कुणा एकाची बाजू घेण्याआधी दुसऱ्या एखाद्या समाजात हाच प्रश्न कसा हाताळला गेला ते पाहावे, असे मला वाटते. त्यासाठी स्कॉटलंडचे उदाहरण फार उपयोगी आहे.

त्याला एक धागाही आहे. मुंबईकरांना वडाळ्याच्या अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयामुळे अ‍ॅकवर्थ हे नाव ठाऊक आहे. या हॅरी अ‍ॅकवर्थ साहेबाने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे गोळा करून १८९१ साली छापले आणि १८९४ मध्ये त्यातल्या काहींचे इंग्रजी भाषांतर काढले. भाषांतराच्या नावात त्याने पोवाड्यासाठी ‘बॅलड’ हा शब्द वापरला. त्याच सुमारास अमेरिकेत हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड इंग्लंड-स्कॉटलंडच्या बॅलडचा प्रचंड संग्रह प्रसिद्ध करत होते. १८८२ ते १८९८ या काळात तो भागाभागांनी आला. शेवटचा भाग निघाला तेव्हा चाइल्ड हयात नव्हते. एकूण ३०५ गीते, आणि एकेका गीताची मिळतील तेवढी रूपे शेजारी शेजारी. खरे रूप कोणते, खोटे कोणते, असा निवाडा करून बाकीची फेकून द्यायची नाहीत, हा त्या संग्रहाचा मोठा गुण.

आता उदाहरणे पाहू.

सर पॅट्रिक स्पेन्स हे सर्वांत प्रसिद्ध गीत. डनफर्मलिनला बसलेला राजा विचारतो, माझे जहाज नेईल असा कसबी खलाशी कोण? कुणीतरी स्पेन्सचे नाव सुचवते. हुकूम हाती पडतो तेव्हा स्पेन्स आधी हसतो आणि मग रडतो. ऐन हिवाळ्यात समुद्रात जाणे म्हणजे मरण, हे त्याला ठाऊक असते. तरी तो जातो, जहाज बुडते, आणि सरदारांच्या बायका किनाऱ्यावर वाट पाहत राहतात. १७६५ मध्ये पर्सी नावाच्या इंग्रज पाद्र्याने हे गीत छापले आणि तेव्हापासून अभ्यासक या स्पेन्सला शोधत आहेत. त्या काळच्या कागदपत्रांत तो कुठेही सापडत नाही.

पण गीताच्या मागे काहीच नाही असेही नाही. १२८१ मध्ये राजा तिसऱ्या अलेक्झांडरची मुलगी मार्गारेट हिचे नॉर्वेच्या राजाशी लग्न झाले. तिला पोचवून परतणाऱ्यांपैकी काही जण समुद्रात बुडाले, असे जुन्या बखरकारांनी लिहिले आहे. १२८६ मध्ये अलेक्झांडर घोड्यावरून पडून मेला. वारस उरली ती नॉर्वेतली सात वर्षांची नातही १२९० मध्ये स्कॉटलंडकडे येताना ऑर्कनी बेटांवर वारली. गादी रिकामी पडली, इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने हात घातला आणि पुढे कित्येक वर्षे लढाया चालल्या. गीतात या लढाया नाहीत, वारसाहक्काचा घोळही नाही. नऊ-दहा वर्षांत घडलेल्या गोष्टी एका सफरीत गोळा झाल्या आहेत. लोकांनी लक्षात ठेवले ते एवढेच, की वर बसलेल्याने अवेळी हुकूम सोडला आणि खालचा माणूस ते जाणूनही गेला. तारीख म्हणून हे गीत निरुपयोगी आहे, पण हुकमाखाली जगणाऱ्यांची तक्रार म्हणून ते अस्सल आहे.

दुसरे उदाहरण मेरी हॅमिल्टनचे. राणी मेरीच्या दरबारातली ही दासी राजाकडून गरोदर राहते, मूल मारते आणि फाशी जाते. मरताना ती म्हणते की काल राणीजवळ चार मेरी होत्या, आज तीनच उरतील. स्कॉटलंडच्या राणी मेरीच्या चार सख्यांची नावे खरोखरच मेरी होती, हे इतिहासाला ठाऊक आहे. पण त्यांची आडनावे सीटन, बीटन, फ्लेमिंग आणि लिव्हिंगस्टन. त्यांत हॅमिल्टन कुणी नव्हती आणि चौघींपैकी कुणी फाशीही गेली नाही. त्या दरबारात १५६३ च्या सुमारास राणीच्या एका फ्रेंच दासीला आणि राणीच्या औषधे बनवणाऱ्याला अशाच गुन्ह्यासाठी फाशी झाल्याचे धर्मसुधारक जॉन नॉक्सने लिहून ठेवले आहे. आणि मेरी हॅमिल्टन नावाची बाई खरोखर होती, पण रशियात. पीटर द ग्रेटच्या दरबारातल्या या बाईचा बालहत्येच्या आरोपावरून १७१९ मध्ये शिरच्छेद झाला. गीत कुठल्या घटनेवरून निघाले यावर विद्वानांनी खूप भांडून घेतले. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. दीडशे वर्षांच्या आणि शेकडो मैलांच्या अंतरावरच्या दोन दरबारांत एकच गोष्ट घडली, आणि दोन्हीकडे शिक्षा पदरात पडली ती दासीच्या. गीत गाणाऱ्या बायांनी दोन्हींची मिळून एकच मेरी केली असेल, तर त्यांना देश कळला नाही असे म्हणता येईल. घटना मात्र त्यांना चांगली कळली होती.

काही गीते इतिहासाच्या फार जवळ आहेत, पण तिथेही सावध राहावे लागते. मरेचा देखणा सरदार जेम्स स्टुअर्ट याला ७ फेब्रुवारी १५९२ रोजी फाइफ परगण्यातल्या डोनिब्रिसल इथे हंटलीच्या सरदाराने मारले. त्याच्या आईने जखमांसह मुलाच्या प्रेताचे चित्र काढून घेतले आणि राजापुढे न्याय मागितला. सहाव्या जेम्सने हंटलीला नावापुरते अटकेत ठेवून सोडून दिले. खून, मारेकरी, राजाची कानाडोळा करण्याची वृत्ती, हे सगळे खरे. गीत मात्र त्यात एक कुजबुज घालते, की हा देखणा तरुण राणीला आवडत होता. याला कसलाही पुरावा नाही. राजाने न्याय का केला नाही, या प्रश्नाचे उत्तर लोकांना मिळाले नाही तेव्हा त्यांनी ते स्वतःच तयार केले. न्याय नाकारला की अफवा जन्माला येते, हे आपल्यालाही चांगले ठाऊक आहे.

आणि लढाया? १३८८ मध्ये ऑटरबर्नला स्कॉट लोक जिंकले, पण त्यांचा सेनापती जेम्स डग्लस पडला. इंग्रज सेनापती हेन्री पर्सी कैद झाला. या लढाईची गीते सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि प्रत्येक बाजू आपल्या माणसांना थोडे झुकते माप देते. याच वैरातून आलेल्या चेव्ही चेसच्या गीतात तर डग्लस आणि पर्सी दोघेही मरतात. वास्तवात पर्सी पुढे पंधरा वर्षे जगला आणि १४०३ मध्ये श्रूजबरीच्या लढाईत मेला. १४११ च्या हार्लॉच्या लढाईच्या गीतात तर लाल डगलेवाले शिपाई दिसतात, जे काही शतकांनंतरचे. गाणाऱ्याने आपल्या काळचा शिपाई जुन्या रणात उभा केला.

मग अशा गीतांवर विश्वास कसा ठेवायचा? इथे मला आपल्या परंपरेतली इस्नादची पद्धत आठवते. रिवायत ऐकली की आधी विचारायचे, तू कुणाकडून ऐकलीस, आणि त्याने कुणाकडून? स्कॉटलंडच्या अभ्यासकांनाही शेवटी याच प्रश्नाकडे यावे लागले. अ‍ॅबर्डीनच्या एका प्राध्यापकाची मुलगी अ‍ॅना गॉर्डन, म्हणजेच फॉकलंडच्या मिसेस ब्राउन, यांच्याकडून फार मोलाची गीते मिळाली. त्यांनी ती मावशी, आई आणि घरातली दाई यांच्याकडून ऐकली होती. ही साखळी बायकांची होती.

उलट जिथे साखळी तुटते तिथे शंका येते. सर वॉल्टर स्कॉटने १८०२-०३ मध्ये सरहद्दीवरच्या गीतांचा संग्रह काढला. त्यातले किन्मंट विलीचे गीत १५९६ च्या खऱ्या घटनेवर आहे. कार्लाइलच्या किल्ल्यात इंग्रजांनी डांबलेल्या विलीला बक्लूच्या सरदाराने रातोरात सोडवून नेले होते. पण त्या गीतात लोकांचे किती आणि स्कॉटच्या लेखणीचे किती, हे आज नक्की सांगता येत नाही. कवी जेम्स हॉगच्या आईने स्कॉटला तोंडावर सुनावले होते, की ही गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती, तुम्ही छापून ती बिघडवलीत. ही आठवण खुद्द हॉगनेच लिहून ठेवली आहे.

त्यानंतर दीडशे वर्षांनी, १९५३ मध्ये, हॅमिश हेंडरसन या अभ्यासकाला अ‍ॅबर्डीनमध्ये जीनी रॉबर्टसन भेटली. ती भटक्या ‘ट्रॅव्हलर’ समाजातली. गावोगावी कल्हई-डागडुजी करणाऱ्या, तंबूत राहणाऱ्या या लोकांकडे शिष्ट समाज संशयानेच पाहत असे. विद्वानांना वाटत होते की जुनी गीते संपली, आणि इकडे तिच्या तोंडी हार्लॉची लढाई जिवंत होती. ज्यांना गावात घर नव्हते त्यांनी देशाची आठवण सांभाळली होती. आपल्या पेशवाईतले सगनभाऊ आठवा. शिकलगार घराण्यातला हा मुसलमान शाहीर मराठी शाहिरीच्या पहिल्या रांगेत बसतो. आठवण कुणाच्या घरी मुक्कामाला राहील, हे जात-धर्म पाहून ठरत नाही.

म्हणूनच आज अज्ञानदासाच्या अफजलखानावरील पोवाड्याचा आधार घेऊन कुणी शेजाऱ्याकडे बोट दाखवतो तेव्हा मला वाटते की वाचकाने दोन गोष्टी कराव्यात. पोवाडा कागदपत्रांशेजारी ठेवून वाचावा, आणि तो कुणी, कुणासाठी, कधी गायला ते विचारावे. शाहिराला खोटे पाडण्यासाठी हे करायचे नाही. साक्षीदाराला ज्याबद्दल माहीत आहे तेच विचारावे म्हणून करायचे. लढाईत किती मेले हे गीताला नेमके ठाऊक नसते. मेलेल्यांसाठी कोण रडले, जिंकणाऱ्यांना कशाचा अभिमान वाटला आणि राजावर प्रजेचा किती भरवसा होता, हे मात्र ते सांगू शकते.

चाइल्डच्या संग्रहात ऑटरबर्नची इंग्रज रूपे आणि स्कॉट रूपे एकाच क्रमांकाखाली छापलेली आहेत. ज्यांचे पूर्वज एकमेकांची गुरे पळवत आणि घरे जाळत होते, त्या दोन्ही बाजूंच्या माणसांना आज ती एका पुस्तकात वाचता येतात. आपल्या पोवाड्यांनाही असे शेजार मिळाले पाहिजे.