बेण्याची ग्वाही



बटाट्याला बी येत नाही असे आपण शहरी माणसे समजतो. बी येते, पण शेतकरी ते पेरीत नाही. तो बटाटाच लावतो आणि त्याला बेणे म्हणतो. आजच्या विषयाचा सारा इतिहास या एका गोष्टीतून निघाला आहे. कारण बेण्यातून आईच्या अंगचा रोग लेकीच्या अंगात जसाच्या तसा उतरतो.

अठराव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांना आढळून आले की, एकच वाण वर्षानुवर्षे लावीत गेले म्हणजे पाने मुरडतात आणि पीक घटत जाते. वाण म्हातारे झाले, असा निर्वाळा देण्यात आला आणि तो शंभराहून अधिक वर्षे टिकला. १९१६ साली हॉलंडमधील क्वान्येर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, पाने वळण्याचा हा विकार रोगट झाडावरून निरोगी झाडावर जातो. १९२० साली तो मावा नावाचा बारीक किडा पसरवितो हेही सिद्ध झाले. म्हातारपणाचा आरोप खोटा ठरला. वाण आजारी होते.

येथेच खरी गोम आहे. विषाणू असलेला बटाटा बहुधा दिसायला चांगला गोमटा असतो. तो बाजारात कितीही पारखला तरी रोग कळत नाही. रोग कळतो तो शेतात, उभ्या पिकाच्या पानांवर. म्हणजे मालाची परीक्षा विक्रीच्या आधी काही महिने, विकणाऱ्याच्या रानात जाऊन, तिऱ्हाइताने केली पाहिजे. जर्मनीत ऑटो आपेल यांनी ही पद्धत पुढे आणली. १९१४ साली ते अमेरिकेत गेले, आणि त्याच सुमारास तेथील राज्याराज्यांत बेण्याची तपासणी सुरू झाली. १९३२ साली हॉलंडमध्ये तपासणीची जी सर्वसाधारण संस्था निघाली, तिच्या कारभारात पिकविणारे, विकणारे आणि वापरणारे असे तिघेही, सरकारी देखरेखीखाली, एकत्र बसतात. कामगार चळवळीत जन्म घालविलेल्या माणसाला या रचनेचे मोल सांगावे लागत नाही.

आपल्याकडे १९३५ साली सिमल्याजवळ कुफ्री येथे बेण्याच्या प्रमाणीकरणाचे केंद्र निघाले. १९४९ साली पाटण्यास केंद्रीय बटाटा संशोधन संस्था सुरू झाली व १९५६ साली ती सिमल्यास गेली. निरोगी बेणे फक्त थंड डोंगरातच होते, कारण तेथे मावा कमी, असा तेव्हा समज होता. पण डोंगरातील जमीन थोडी आणि वाहतूक महाग. पुष्करनाथ यांनी सपाटीवरील माव्याची गणना केली. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उत्तरेच्या मैदानातही मावा कमी असतो, असे दिसले. मग ऑक्टोबरात निरोगी बेणे लावावे, रोगट झाड दिसताच बटाट्यांसकट उपटावे, आणि शंभर पानांवर वीस मावे होण्यापूर्वीच पाला कापून टाकावा, अशी रीत त्यांनी घालून दिली. किडे मोजण्याच्या या साध्या कामाने पंजाबचे मैदान देशाचे बेण्याचे कोठार झाले.

१९६६ साली बियाणे कायदा झाला. पैदासकार, पायाभूत आणि प्रमाणित अशा पायऱ्या ठरल्या. त्यांच्या चिठ्ठ्या अनुक्रमे सोनेरी पिवळी, पांढरी आणि निळी. प्लॉट दुसऱ्या बटाट्यापासून निदान पाच मीटर दूर हवा, उभे पीक अनेक वेळा तपासले जावे, काढणीनंतर बटाटेही पाहिले जावेत, असे नियम आहेत. मात्र प्रमाणपत्र घेणे विक्रेत्याच्या मर्जीवर आहे. अधिसूचित वाणाला चिठ्ठी लावण्याची तेवढी सक्ती आहे.

या मर्जीचा अर्थ मला एका बाजारात कळला. मी हमालांत काम करीत होतो. एका वखारीत खाण्याचे बटाटे निवडून, नव्या गोण्यांत भरून, बेणे म्हणून शिवले जात होते. शिवणारा हमाल मला म्हणाला, “दादा, शिवतो मी, आणि सातगाव पठारावर लावणार माझाच भाऊ.” गोणीमागे मिळणाऱ्या मजुरीवर त्याचे घर चाले, नाही म्हणायची त्याला सोय नव्हती. भावाचे पीक बसले, तेव्हा आम्ही दाद मागायला निघालो. पावती पाहिली, तर तीवर ‘बटाटा’ एवढाच शब्द. ‘बेणे’ हा शब्द नाही, वाण नाही, चिठ्ठी नाही. आमची बाजू खरी होती. पण कागद मुका होता.

हेक्टरी पंधरा ते तीस क्विंटल बेणे लागते. लागवडीच्या खर्चाचा तो फार मोठा वाटा आहे. एकट्या शेतकऱ्याला पंजाबात जाऊन डिसेंबरातले पीक पाहता येत नाही. परंतु गावाने मिळून खरेदी केली, तर एक जाणता माणूस पाठविता येतो, पावतीवर ‘बेणे’ हा शब्द लिहवून घेता येतो आणि रिकामी गोणी चिठ्ठीसह जपून ठेवता येते. इतिहास सांगतो की, प्रमाण ही वस्तू प्रथम शास्त्रज्ञाने शोधली, मग सरकारने लिहिली. पण ती पाळली गेली तेथेच, जेथे घेणारे एकजुटीने मागत राहिले.