रतनगडाची धारेवरची वाट : नेढ्यातून भंडारदऱ्याचं पाणी पाहायचं तर आधी हे नियोजन करा

अकोले : दिवाळी झाली, थंडी पडली की रतनवाडीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. मोबाईलवर नेढ्यातला फोटो पाहिलेला असतो, खाली भंडारदऱ्याचं निळं पाणी असतं आणि मग "चला, उद्याच जाऊ" असं ठरतं. पण रतनगड चढून त्र्यंबक दरवाजाने साम्रदला उतरणं हा पूर्ण दिवसाचा ट्रेक आहे. वाट चुकली, अंधार पडला तर बॅटऱ्या घेऊन शोधायला निघावं लागतं ते याच गावांतल्या पोरांना. म्हणून निघण्याआधी ही माहिती नीट वाचा.

गड नेमका कुठे?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदरा जलाशयाच्या वरच्या टोकाला रतनगड आहे. उंची सुमारे १,३०० मीटर. प्रवरा नदी इथेच उगम पावते. तिच्यावरचं भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. पायथ्याला रतनवाडीत अमृतेश्वराचं कोरीव दगडी मंदिर आहे. चढाई तिथूनच सुरू होते.

वाट कशी आहे?

सुरुवातीला प्रवरेचा ओढा दोन-तीनदा ओलांडावा लागतो. मग दाट जंगल लागतं. इथे एक फाटा कात्राबाई खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जातो. बोलण्याच्या नादात लोक तिकडे वळतात आणि दोन तास वाया घालवतात. त्यामुळे फाट्यावर थांबा, खात्री करा, मगच पुढे चला.

जंगल संपलं की कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या येतात. एका वेळी एकानेच चढायचं. वर गणेश दरवाजा, पुढे हनुमान दरवाजा, जवळच गुहा. तिथून माथ्यावर चालत गेलं की नेढं येतं. नेढं म्हणजे कड्याला पडलेलं आरपार भोक. त्यात बसलं की एका बाजूला जलाशय आणि पलीकडे अलंग, मदन, कुलंग व १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई शिखर दिसतं. वारा मात्र जबरदस्त असतो. कडेला उभं राहून सेल्फी काढू नका.

नेढ्यानंतर त्र्यंबक दरवाजा. इथल्या पायऱ्या कातळात खोदलेल्या, उंच आणि काही ठिकाणी झिजलेल्या आहेत. त्या तोंड कड्याकडे करून, हाताचा आधार घेत उतराव्या लागतात. खाली रतनगडाचा खुटा, म्हणजे उभा सुळका, दिसतो आणि वाट जंगलातून साम्रदला जाते.

दिवसाचं वेळापत्रक

• सकाळी ६ : रतनवाडी सोडा
• सकाळी ९ : शिड्यांपाशी
• सकाळी ११ : नेढं
• दुपारी १२ : त्र्यंबक दरवाजाकडे निघा
• दुपारी ३ ते ४ : साम्रद

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परत फिरायची वेळ पायथ्यालाच ठरवा. दुपारी १ पर्यंत नेढ्यापाशी पोहोचला नाहीत तर साम्रदचा बेत सोडा आणि आल्या वाटेने शिड्यांवरून उतरा. वर गेल्यावर प्रत्येकालाच वाटतं, "अजून थोडंच राहिलंय." हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधार होतो. गटात जो सगळ्यात हळू चालतो, त्याच्या वेगावर हिशोब करा.

पाण्याचा प्रश्न

या वाटेची गंमत अशी, की एवढं मोठं धरण डोळ्यांपुढे आणि प्यायला घोटभर मिळत नाही. गडावर टाकी आहेत, पण उन्हाळ्याकडे त्यांचा भरवसा धरू नका. माणशी किमान तीन लिटर पाणी गावातूनच भरून न्या. सोबत भाकरी, गूळ, शेंगदाणे आणि मीठ-साखरेची पुडी ठेवा.

कधी जावं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात इथे धो-धो पाऊस पडतो. ओढे अचानक भरतात, धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही, पायऱ्या शेवाळलेल्या असतात. त्या दिवसांत धारेवर जाऊच नये. एप्रिल-मेमध्ये ऊन आणि पाणीटंचाई दोन्ही त्रास देतात.

निघण्याआधी एवढं करा

१. रतनवाडी किंवा साम्रदचा स्थानिक वाटाड्या घ्या. वाट चुकत नाही आणि गावातल्या माणसाला दोन पैसे मिळतात.
२. कुठून चढणार, कुठून उतरणार, किती वाजता परतणार आणि सोबत कोण, हे घरी व गावात एकाला सांगून जा.
३. उतरणार साम्रदला, पण गाडी राहणार रतनवाडीत. परतीच्या जीपचं आधीच ठरवा.
४. वर रेंजचा भरवसा नाही. नकाशा आधीच डाउनलोड करा, फोन फ्लाइट मोडवर ठेवा म्हणजे बॅटरी टिकेल. दोघांत एक तरी बॅटरी-टॉर्च हवीच.
५. चांगली पकड असलेले बूट घाला. चप्पल किंवा गुळगुळीत तळाचे बूट शिड्यांवर घसरतात.
६. आग, धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळा. कड्यांना आग्या मोहोळं असतात.
७. प्लास्टिक खाली परत आणा.

अडचण आलीच तर

एकत्र राहा. अंधारात नवी वाट शोधायला जाऊ नका, आहे तिथेच सपाट जागा पाहून थांबा. जखमीला एकटं सोडू नका. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वनविभागासाठी १९२६ हे क्रमांक फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

गड कुठं जात नाही. या वेळी नेढं हुकलं तर पुढच्या रविवारी पुन्हा या. घरच्यांना मात्र तुम्ही संध्याकाळी जेवायला घरी हवे आहात.