कन्सोल कंपन्यांची चढाओढ आणि उसनवारी

घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळता येणाऱ्या व्हिडिओ गेमच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. या यंत्राचा इतिहास हा जसा नव्या कल्पनांचा आहे, तसाच तो एकमेकांच्या कल्पना उचलण्याचाही आहे. प्रतिस्पर्ध्याने काढलेली युक्ती लोकांना आवडली, की ती आपल्या यंत्रात आणायची आणि पेटंट आडवे आले, तर रचना थोडी बदलायची, ही या व्यवसायाची जुनी रीत आहे.

पहिला वाद

घरगुती कन्सोलचे जनक म्हणून राल्फ बेअर या अमेरिकी अभियंत्याचे नाव घेतले जाते. त्यांच्या संशोधनावर आधारित ‘ओडिसी’ हे यंत्र मॅग्नाव्हॉक्स कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणले. त्याच वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्नियात झालेले त्याचे प्रात्यक्षिक नोलन बुशनेल यांनी पाहिले होते. पुढे बुशनेल यांच्या अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा खेळ आला आणि तुफान लोकप्रिय झाला. मॅग्नाव्हॉक्सने १९७४ मध्ये दावा दाखल केला. १९७६ मध्ये तडजोड होऊन अटारीने रीतसर परवाना घेतला.

मात्र पाँग ही निव्वळ नक्कल नव्हती. ओडिसीमध्ये आवाज नव्हता आणि गुण पडद्यावर दिसत नसत. पाँगमध्ये या दोन्ही सोयी होत्या. शिवाय फळीच्या कोणत्या भागावर चेंडू आदळतो, त्यानुसार त्याची दिशा बदलत असे. मूळ कल्पना एकाची आणि तिला रंगत आणणारा दुसरा, असा प्रकार पुढेही अनेकदा घडला.

अधिकचिन्हाची बटणे

निन्टेन्डोचे गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये ‘डाँकी काँग’ या हातातील खेळासाठी अधिकचिन्हाच्या आकाराचे दिशादर्शक बटण तयार केले. अंगठा न उचलता चारही दिशांना वळता येणे, ही त्याची खुबी होती. १९८३ च्या ‘फॅमिकॉम’ कन्सोलवर हे बटण आल्यानंतर ते या उद्योगाचा मानदंडच ठरले. निन्टेन्डोकडे त्याचे पेटंट असल्याने इतरांना वेगळे आकार शोधावे लागले. सेगाने गोल तबकडीचा मार्ग धरला, तर सोनीच्या नियंत्रकावर बाहेरून चार सुटी बटणे दिसतात.

मैत्रीतून वैर

सोनीचे या क्षेत्रातील आगमनही निन्टेन्डोच्याच दारातून झाले. निन्टेन्डोच्या यंत्राला सीडीची जोड देण्यासाठी दोन्ही कंपन्यांनी हातमिळवणी केली होती. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने त्याची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने फिलिप्सशी केलेला करार जाहीर केला. दुखावलेल्या सोनीने केन कुतारागी यांच्या पुढाकाराने स्वतःचे यंत्र उभे केले. ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये ‘प्लेस्टेशन’ विक्रीस आले. त्याच्या नियंत्रकावरील चौकटाकृती मांडलेली चार बटणे आणि वरच्या कडेची बटणे यांवर निन्टेन्डोच्या ‘सुपर फॅमिकॉम’ची छाप स्पष्ट दिसते.

१९९६ मध्ये ‘निन्टेन्डो ६४’ने चहूकडे फिरणारी छोटी दांडी आणली आणि पुढच्या वर्षी कंपन निर्माण करणारे जोडयंत्र दिले. सोनीने १९९७ अखेरच्या ‘ड्युअलशॉक’मध्ये अशा दोन दांड्या आणि कंपन एकत्र बसवले. हे कंपन मात्र महागात पडले. इमर्शन या कंपनीने २००२ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यावर पेटंटभंगाचा दावा लावला. मायक्रोसॉफ्टने लवकर तडजोड केली. सोनी लढत राहिली, पण २००४ मध्ये ज्यूरीने तिच्याविरुद्ध कौल दिला. २००६ मध्ये आलेल्या ‘प्लेस्टेशन ३’चा नियंत्रक कंपनाविनाच होता. २००७ मध्ये वाद मिटल्यावर ही सोय परत आली.

नकलांची दुसरी तऱ्हा

२००६ च्या ‘वी’ यंत्राने हात हलवून खेळण्याची पद्धत रूढ केली. २०१० मध्ये सोनीने ‘मूव्ह’ आणि मायक्रोसॉफ्टने ‘किनेक्ट’ आणून उत्तर दिले. पहिला बराचसा वीच्या वाटेने गेला. दुसऱ्याने मात्र हातातले साधनच काढून टाकून कॅमेऱ्यावर भर दिला. २०१७ च्या ‘स्विच’नंतर हाती धरण्याजोग्या यंत्रांची अशीच लाट आली.

या बड्या कंपन्यांखेरीज स्वस्त नकलांचीही एक दुनिया होती. १९९० च्या दशकात भारतातील अनेक घरांत पोहोचलेला ‘व्हिडिओ गेम’ हा बहुधा फॅमिकॉमचाच परवान्याविना बनलेला अवतार असे. ‘पॉलिस्टेशन’ नावाच्या यंत्राचे बाह्यरूप प्लेस्टेशनचे, पण पोटात फॅमिकॉमच होता.

या दोन तऱ्हांतील फरक महत्त्वाचा आहे. नुसते बाह्यरूप उचलणारी यंत्रे मूळ वस्तूच्या प्रसिद्धीवर जगली. दुसऱ्याची युक्ती घेऊन तिच्यात भर घालणाऱ्यांनी मात्र खेळणाऱ्याच्या हाती अधिक चांगले साधन दिले. कायद्याचे कामही यातच अवघड होते. पहिल्या संशोधकाला मोबदला मिळायला हवा आणि त्याच वेळी सुधारणेची वाटही बंद होता कामा नये. राल्फ बेअर यांना हा न्याय उशिरा का होईना मिळाला. २००६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देऊन त्यांचा गौरव करण्यात आला.