ऑन द शोअर

ट्रीज या ब्रिटिश फोक-रॉक बँडची दुसरी आणि शेवटची लाँग प्ले तबकडी (सीबीएस, १९७०–७१). निघाली तेव्हा खप बेताचाच झाला. आज तिची मूळ प्रेसिंगची प्रत संग्राहक चढ्या भावाने घेतात.

ट्रीज १९६९ मध्ये लंडनमध्ये जमले : गायिका सेलिया हम्फ्रिस, मुख्य गिटारवर बॅरी क्लार्क, अकूस्टिक गिटारवर डेव्हिड कॉस्टा, बेसवर बायस बॉशेल आणि ड्रमवर अनविन ब्राउन. त्यांची पहिली तबकडी ‘द गार्डन ऑफ जेन डेलॉनी’ १९७० च्या एप्रिलमध्ये आली. त्याआधी चारच महिने फेअरपोर्ट कन्व्हेन्शनची ‘लीज अँड लीफ’ बाजारात आली होती. जुनी लोकगीते इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमच्या साथीने वाजवण्याची रीत तिने रूढ केली आणि मागून आलेल्या ट्रीजवर नकलेचा शिक्का बसला. गाण्यांच्या निवडीपुरता तो खरा मानता येईल, वादनाच्या बाबतीत मात्र टिकत नाही. फेअरपोर्टला गाण्यातली गोष्ट सांगायची असते. ट्रीजची गोष्ट सांगून होते आणि गिटारी पुढे वाजतच राहतात, एकमेकींत गुंतत, कधी अंमळ जास्तच लांबत. त्यांचे हे नाते इंग्लंडपेक्षा कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या बँडांशी जवळचे वाटते.

याचा उत्तम नमुना म्हणजे ‘सॅली फ्री अँड ईझी’. ब्रिटिश नौदलात नोकरी केलेल्या सिरिल टॉनी यांचे हे गाणे, प्रेमात फसलेल्या खलाशाचे, मुळात अगदी आटोपशीर आहे. ट्रीजने ते दहा मिनिटांपर्यंत नेले. सुरुवातीला मंद पियानो असतो. त्यावर हम्फ्रिस यांचा स्वच्छ, उंच आवाज येतो. त्यात दुःखाचे प्रदर्शन नाही. गिटारी हळूहळू आत शिरतात, ड्रम भरत जातात, आणि लाट नेमकी कुठे उठली हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. पतीच्या प्राणांसाठी न्यायाधीशापुढे पदर पसरणाऱ्या स्त्रीचे ‘जॉर्डी’ आणि शेवटचे ‘पॉली ऑन द शोअर’ ही पारंपरिक गाणी. ‘मर्डॉक’ बॉशेल यांचे. जुन्या गाण्यांच्या शेजारी ते उपरे वाटत नाही.

वेष्टन हिप्नॉसिस या संस्थेचे. पिंक फ्लॉइडच्या वेष्टनांमुळे ती पुढे जगभर गाजली. हॅम्पस्टेडच्या हिल गार्डनमध्ये जुन्या पद्धतीचा पोशाख केलेली एक मुलगी पाणी उडवते आहे, एवढेच चित्र. तरी ते कुठेतरी अस्वस्थ करते. तबकडी आधी वेष्टनासाठी उचलली आणि गाणी नंतर ऐकली, असे बऱ्याच संग्राहकांचे झाले असणार.

१९७३ पर्यंत बँड संपला. बॉशेल यांनी किकी डी यांच्यासाठी ‘आय’व्ह गॉट द म्युझिक इन मी’ (१९७४) लिहिले. कॉस्टा वेष्टनांच्या कलादिग्दर्शनाकडे वळले; एल्टन जॉन यांच्यासाठीही त्यांनी काम केले. हम्फ्रिस यांचा आवाज पुढे लंडनच्या भुयारी रेल्वेत नॉर्दर्न लाइनवर स्टेशनांची नावे सांगू लागला. त्यांचे गाणे कधीच न ऐकलेल्या लाखो प्रवाशांच्या कानांवर तो पडला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

तबकडीकडे लक्ष वळवले ते २००६ मध्ये नार्ल्स बार्कली या अमेरिकन जोडीने. त्यांच्या ‘सेंट एल्सव्हेअर’ या शीर्षकगीतात ‘जॉर्डी’चा तुकडा वापरलेला आहे. पुढच्याच वर्षी सोनी बीएमजीने तबकडी पुन्हा काढली आणि २०२० मध्ये अर्थ रेकॉर्डिंग्जने बँडच्या पन्नाशीनिमित्त संच आणला. नुसते ऐकायचे असेल त्याने हाच संच घ्यावा.

मूळ प्रतीच्या मागे असणाऱ्याने मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पहिली बाजू सुमारे पंचवीस मिनिटांची, म्हणजे एलपीच्या मानाने लांब आहे, आणि ‘सॅली’ तिच्या अखेरीस, लेबलालगत येते. तबकडीचा फिरण्याचा वेग ठरलेला असला तरी आतल्या खाचांत सुईखालून दर सेकंदाला सरकणारी लांबी कमी होते. त्यामुळे तिथे तीव्र स्वर मळकट होतात आणि झिजलेली प्रत तिथेच आधी फाटल्यासारखी वाजते. वरून चकचकीत दिसली तरी पैसे मोजण्याआधी पहिल्या बाजूची शेवटची दहा मिनिटे वाजवून घ्यावीत.