उंचीप्रमाणे वजन : एका मोजपट्टीचा इतिहास

पारशिवनीत बोलायचं ठरलं तेव्हा आम्हाला आधी आठवला तो धानाचा काटा. पोतं किती भरलं हे विचारायची इथे सगळ्यांना सवय आहे. माणूस किती भरावा, हे कोणी आणि कधी ठरवलं, हा आजचा विषय.

आमच्या तरुणपणी रेल्वे स्टेशनवर लुकलुकत्या दिव्यांचं वजनाचं यंत्र असायचं. नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आम्ही भविष्यच आधी वाचत असू. आज दवाखान्यात काट्यावर उभं राहिलं की वजनातूनच भविष्य सांगतात. हा बदल कसा झाला?

सुरुवात आपल्याकडून करू. चरकसंहितेत निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांत अतिस्थूल आणि अतिकृश असे दोन आहेत, आणि त्या दोघांत कृश बरा असं मत दिलेलं आहे. गंमत अशी की तिथे किलो नाही, शेर नाही. माप आहे ते अंगुलाचं, तेही ज्याच्या त्याच्या बोटाचं. निरोगी माणूस स्वतःच्या बोटांनी चौऱ्याऐंशी अंगुलं भरावा. म्हणजे माप बाहेरून येत नाही, ते शरीरातच आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता बेल्जियममध्ये जाऊ. अडॉल्फ केटले हा मूळचा गणिताचा आणि खगोलशास्त्राचा माणूस. ताऱ्यांच्या निरीक्षणातल्या चुकांचं गणित त्याने माणसांना लावलं आणि १८३५ साली ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली. त्याच्या लक्षात आलं की प्रौढांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्याला कोणाचा लठ्ठपणा तपासायचा नव्हता, समाजाचं चित्र काढायचं होतं. पण सरासरीला तो आदर्श मानू लागला, आणि इथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याचे कान टवकारतात. ‘असं आहे’ यावरून ‘असं असावं’ हे निघत नाही. गावातल्या बहुतेकांना मोतीबिंदू झाला म्हणून मोतीबिंदू आदर्श ठरत नाही.

पुढची उडी विमा कंपन्यांची. अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफने १९४२-४३ च्या सुमारास ‘आदर्श वजनां’चे तक्ते काढले. कोणत्या वजनाचे विमाधारक जास्त जगतात, हा त्यांचा हिशेब. व्यवहार म्हणून ठीक. पण विमा काढणारा अमेरिकन म्हणजे सगळी मानवजात नव्हे. मग १९७२ मध्ये अन्सेल कीज यांनी पाच देशांतल्या ७,४०० हून अधिक पुरुषांची मापं घेऊन केटलेचंच सूत्र उचललं आणि त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. लक्षात घ्या, पुरुष. बाया त्या अभ्यासात नव्हत्या, आणि भारतही नव्हता.

सूत्र सोपं आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने १८.५ ते २४.९ म्हणजे ठीक. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी वरची रेघ २३ वर आणली, आणि २५ पासून पुढे लठ्ठपणा धरला. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला हे साधारण ५० ते ६२ किलो पडतं. ‘उंचीतून शंभर वजा करा’ हा ब्रोकाच्या नावाने चालणारा जुना नियम त्यालाच ६५ सांगतो.

रेघ खाली का आणली, याचं उत्तर पुण्यात आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचाही निर्देशांक २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळंही इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली, असं याज्ञिकांच्या गटाला दिसलं. दिसायला बारीक, आतून जाड.

हे आम्हाला पुस्तकातून कळायच्या आधी अंगावरून कळलं. आमची उंची १६६, वजन ६१. आयुष्यभर ‘आम्ही सडपातळ’ म्हणून मिरवलो, जाड मित्रांना उपदेश केले. पासष्टीला साखर निघाली. डॉक्टरांनी वजन विचारलंच नाही, टेप घेऊन पोट मोजलं. ९४ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाला ९० आणि बाईला ८० ही मर्यादा सांगतात. आमचा उपदेश त्या दिवशी संपला.

पण मंडळी, मोजपट्टी खाली आणण्याला दुसरी बाजूही आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत महाराष्ट्रात एक मोठा वाद झाला. साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे म्हणत, की माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक बदलते, तेव्हा सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नका. वि. म. दांडेकरांना हे पटलं नाही. मग डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने ‘लहान पण निरोगी’ असा शब्दप्रयोग रूढ केला. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मूल खुजं राहतं ते उपासमारीमुळे आणि आजारपणामुळे, त्याला निरोगी म्हणणं म्हणजे गरिबीलाच प्रमाणपत्र देणं.

या तालुक्यात जंगलाला लागून गावं आहेत. तिथल्या अंगणवाडीत मूल काट्यावर ठेवतात, तेव्हा हा वाद पुस्तकी राहत नाही. रेघ कुठे ओढली यावर कोणाला जादा आहार मिळणार हे ठरतं. म्हणून ‘आमची शरीरं वेगळी, आमची पट्टी वेगळी’ हे वाक्य जपून वापरावं. साखरेच्या बाबतीत ते आपल्याला वाचवतं. भुकेच्या बाबतीत तेच वाक्य आपल्या लेकरांच्या ताटातली भाकर काढून घेऊ शकतं. आकडा तोच असला तरी तो कोण वापरतो आणि कशासाठी, हे विचारलं पाहिजे.

मग आपण करायचं काय? निर्देशांक काढा, तो पहिला अंदाज म्हणून चांगला आहे. पहिलवान, गरोदर बाई, वाढतं मूल यांना प्रौढांचे हे आकडे लावू नका. आणि घरी गेल्यावर एक करा. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्या, तिची मधोमध घडी घाला आणि ती कमरेभोवती फिरवा. टोकं जुळली तर बरं. नाही जुळली तर डॉक्टरांना एकदा भेटा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा नियम आता परदेशी तज्ज्ञही सांगतात.

इथेही माप ज्याचं त्याचंच आहे बघा. अंगुलाच्या जागी सुतळी आली, एवढंच. आम्ही स्वतः मोजलं, आमची टोकं अजून चार बोटं लांब आहेत. पुढच्या व्याख्यानाला याल तेव्हा विचारा, किती उरली ते.