दफ्तराबाहेर राहिलेला हात

पूरच्या कुकडेश्वराजवळ उगम पावणारी कुकडी जुन्नरच्या खोऱ्यातून पूर्वेस उतरत नारायणगावानजीक येडगावच्या मातीच्या धरणाशी थबकते, तेथवरचा हा मुलूख नोंदींच्या बाबतीत महाराष्ट्रात फार भाग्यवान समजला पाहिजे. नाणेघाटात सातवाहनांच्या काळी यज्ञयागांच्या दक्षिणेचे आकडे कातळावर कोरले गेले. शिवनेरी, मानमोडी आणि लेण्याद्री येथील लेण्यांतून कोणत्या श्रेणीकडे कोणती ठेव ठेविली व तिच्या उत्पन्नातून भिक्षुसंघास काय मिळावे याचा तपशील आजही वाचता येतो, आणि त्या श्रेणींत धान्याचे व्यापारी आहेत, कासार आहेत, बांबूचे काम करणारे बुरूडही आहेत. दात्याचे नाव राहिले, ठेवीचा व्याजदर राहिला. परंतु ज्या हातांनी छिन्नी आणि हातोडा घेऊन तो कठीण काळा पाषाण वर्षानुवर्षे फोडला, त्या हातांची बोटे कशी आखडली, मनगटे कशी सुजली आणि त्यांवर कोणी कोणता उपचार केला, याची एक ओळही कोठे आढळत नाही.

हाच विरोध पुढे कागदाच्या बाबतीत अधिकच ठळक झाला. जुन्नर हे हातकागदाचे जुने केंद्र. येथील कागदी समाजाने बनविलेला जुन्नरी कागद दख्खनच्या कारभारात प्रसिद्ध होता. लगदा कुटणे, तो पाण्यात कालविणे, चौकटीने हौदातून ताव उचलणे आणि वाळलेल्या तावावर खळ चढवून गुळगुळीत दगडाने वा शिंपल्याने तासन्‌तास घोटाई करणे, हा सारा व्यवसाय मनगटाच्या आणि अंगठ्याच्या बळावर चाले. त्या कागदावर मग बोरूने मोडी लिहिणारे कारकून जमाबंदी, तगाई, इनाम आणि वसुली यांचे हिशेब उतरवीत. गावच्या बैलांची, नांगरांची, विहिरींची मोजदाद दफ्तरात येई. कारकुनाचा स्वतःचा हात मात्र त्यात कधी आला नाही. इटलीतील पादुआ येथे वैद्यकाचे अध्यापन करणाऱ्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कारागिरांच्या रोगांवरील आपला ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला आणि १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण घालून, सतत लेखणी धरल्याने हात कसा बधिर व निकामी होत जातो हे लिहून ठेविले. आपल्याकडे कागद होता, लेखनिक होते, दुखणेही तेच असले पाहिजे. परंतु ते दुखणे लिहून ठेवण्याजोगे आहे असे कोणाला वाटले नाही. पुढच्या साऱ्या हानीचे मूळ मला या एका उणिवेत दिसते.

गावात हात मोडला, मुरगळला किंवा लचकला, तर त्याची वाट ठरलेली होती. हाडवैद्य हा बारा बलुतेदारांत मोडत नसे. त्याला वतन नव्हते, सनद नव्हती, आणि पुष्कळ ठिकाणी तो मोबदलाही घेत नसे, फार तर नारळ ठेवला जाई. विद्या बापाकडून मुलाकडे येई. दुखऱ्या मनगटावरून बोटे फिरवून हाड कोठे सरकले आहे ते तो सांगे, रोग्याशी बोलता बोलता एका झटक्याने ते बसवी, आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून लेप देई, कांडवेलीचा पाला बांधी आणि वर बांबूच्या कामट्या ठेवून जुन्या धोतराच्या पट्टीने आवळी. या कौशल्याला अडाणी म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलीस यांनी १८१४ साली मनगटाजवळच्या ज्या अस्थिभंगाचे वर्णन केले आणि जो आज त्यांच्या नावाने ओळखला जातो, त्यासाठी त्यांच्याजवळही बोटांच्या स्पर्शाखेरीज दुसरे साधन नव्हते. भीमाशंकराच्या बाजूस आंबेगावच्या आदिवासी गावांतून हिरड्याच्या झाडावरून पडलेला मनुष्य पसरलेल्या हातावर आदळतो, तेव्हा मनगटाला काट्याचमच्यासारखा जो बाक येतो, तो ओळखण्यात येथला हाडवैद्य कॉलीस यांच्याहून फारसा उणा नसेल. परंतु कॉलीस यांनी आपला अनुभव छापला, इतरांनी तो तपासला, त्यातील चुका दाखविल्या. हाडवैद्याचे यश पंचक्रोशीत गाजे, आणि त्याचे अपयश रोग्याच्या घरात राही. जो हात वाकडा बसला किंवा वाळला, तो नशिबाच्या खाती जमा होई, आणि पुढच्या पिढीतील हाडवैद्य तीच चूक निर्मळ मनाने पुन्हा करी.

याहून खेदाची गोष्ट अशी की, ही चूक आपल्याच परंपरेने फार पूर्वी ओळखलेली होती. सुश्रुतसंहितेतील भग्नचिकित्सेत स्पष्ट सांगितले आहे की, बंध सैल राहिला तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार आवळला तर सूज, वेदना व पाक उत्पन्न होतो. म्हणून थंडीच्या दिवसांत सात दिवसांनी, साधारण ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी तो सोडून पुन्हा बांधावा. मोडलेला हात जुळून आल्यावर त्यात बळ यावे म्हणून प्रथम मातीचा गोळा, मग मिठाचा खडा आणि शेवटी दगड मुठीत धरण्याचा जो क्रम तेथे दिला आहे, तो आजच्या व्यायामोपचाराच्या तज्ज्ञालाही मान्य व्हावा. हे ज्ञान संस्कृतात राहिले, पाठशाळेत राहिले. कामट्या बांधणाऱ्या खेड्यातील हातांपर्यंत त्यातील कामट्या तेवढ्या पोहोचल्या, बंध सोडण्याचे वेळापत्रक वाटेत गळाले. रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ साली दाखवून दिले की, आवळलेल्या पट्टीखाली स्नायूंचा रक्तपुरवठा तुटला की ते काही तासांत मरू लागतात आणि हात कायमचा आकडा होऊन बसतो. म्हणून हात कोणीही बांधलेला असो, हाडवैद्याने कामट्यांनी वा डॉक्टरांनी प्लास्टरने, त्यानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढत असतील, बोटे फुगून निळसर वा पांढरी पडली असतील, त्यांना मुंग्या येत असतील, किंवा दुसऱ्याने बोट हलकेच सरळ करू जाता असह्य कळ येत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. बंध त्याच घटकेला सोडवून घ्यावा आणि रुग्णालय गाठावे. लहान मुलांच्या बाबतीत तर एका रात्रीचा विलंबही जन्माला पुरतो.

क्ष-किरणांचा शोध विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ साली लावला, आणि मनुष्यदेहाचे जे पहिले प्रसिद्ध चित्र त्यांनी घेतले ते त्यांच्या पत्नीच्या हाताचे होते. पुण्याचे ससून रुग्णालय त्याआधीच, १८६७ साली, उभे राहिले होते. परंतु जुन्नरच्या शेतकऱ्याला पुणे हे कोर्टकचेरीचे गाव होते, मुरगळलेल्या मनगटासाठी तेथवर जाण्याची वहिवाट नव्हती. आता तालुक्याच्या गावीही ते चित्र मिळते, आणि तरीही ‘बोटे हलतात, म्हणजे हाड मोडलेले नाही’ ही समजूत टिकून आहे. ती चूक आहे. अंगठा ताणून धरला असता त्याच्या मुळाशी मनगटावर जो खळगा पडतो, त्याच्या तळाशी एक लहान नौकाकृती हाड असते. ते मोडले तरी बोटे हलतात, सूज बेताची असते, आणि पहिल्या चित्रात भेग कधीकधी दिसतही नाही. त्या हाडाला रक्त एका टोकाकडून मिळत असल्याने दुर्लक्षित राहिल्यास त्याचा दुसरा तुकडा मरतो आणि काही वर्षांनी सबंध मनगट झिजते. पडल्यानंतर या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर पहिले चित्र निर्दोष असले तरी हात आधारात ठेवून दहा ते चौदा दिवसांनी फिरून तपासणी करवून घेणे अवश्य आहे.

येडगावचे धरण आणि कुकडी प्रकल्पाचे कालवे झाल्यावर या भागातील हातांचे काम बदलले. बाजरी आणि हरभऱ्याच्या जागी ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे आली. दुभती जनावरे वाढली. पूर्वी खुरपणी आणि कापणी हंगामापुरती असे; बागायतीत बारा महिने काही ना काही तोडावे, खुडावे, कापावे लागते, आणि त्यातील बहुतेक काम स्त्रिया करतात. कांद्याची पात कापणारी, द्राक्षांच्या घडातील मणी कात्रीने विरळ करणारी, पहाटे धार काढणारी बाई रात्री हात झटकत उठून बसते आणि ‘हाताला मुंग्या येतात’ म्हणते, तेव्हा घरात तिला अशक्तपणा आहे असे ठरते. जेम्स पॅजेट यांनी १८५४ साली या दुखण्याच्या स्वरूपाकडे लक्ष वेधले आणि अमेरिकेतील जॉर्ज फेलन यांनी १९५० नंतर त्याची ओळख सर्वत्र रूढ केली. मनगटातील अरुंद मार्गातून जाणारा मज्जातंतू तेथे दाबला जातो. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची एक बाजू बधिर होते, करंगळी मात्र सुटते, कारण तिचा मज्जातंतू निराळा. गर्भारपण, मधुमेह आणि थायरॉईडचे विकार असले तर हे अधिक संभवते. आरंभी रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी आणि कामात थोडा पालट एवढ्याने पुष्कळांना आराम पडतो. परंतु बधिरता दिवसाही राहू लागली, हातातून वस्तू निसटू लागल्या, किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होऊ लागला, की तज्ज्ञाकडे जाण्याची वेळ येऊन गेलेली असते. गेलेला स्नायू शस्त्रक्रियेनेही पुरता परत येत नाही.

बाळंतिणीला मूल उचलताना अंगठ्याच्या बाजूने मनगटात येणारी कळ, जिचे वर्णन फ्रिट्झ द कॅरव्हॅन यांनी १८९५ साली केले, आणि सकाळी वाकलेले बोट खटकन सुटण्याचा विकार, ही दोन्ही त्यामानाने साधी दुखणी होत. विश्रांती, पट्टी, आणि गरज पडल्यास एखादे इंजेक्शन यांनी ती बहुधा आवरतात. चार-सहा आठवड्यांत उतार नसेल किंवा बोट अडकून सुटेनासे झाले असेल, तर लहानशी शस्त्रक्रिया पुरते. या दोहोंत हाड सरकलेले नसते. म्हणून तेल लावून जोराने ओढण्याने लाभ नाही, इजा मात्र होते.

यंत्राने केलेली इजा ही निराळीच बाब आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्यातून आरंभीच्या काळात जी अवजारे निघाली त्यांत कडबा कापण्याचे यंत्र होते, आणि त्याने गोठ्यातील कष्ट खरोखरच हलके केले. हाताने फिरविण्याच्या चक्राला पुढे विजेची मोटार जोडली गेली, आणि कडबाकुट्टीत पेंढी सारणारा हात थांबविण्यास मनुष्याला अवसर उरला नाही. मळणी यंत्रांपासून होणाऱ्या अशाच अपघातांमुळे १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा करावा लागला. मजुराच्या हाताची सरकारी नोंद मात्र त्याही आधीची, १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची. त्याच्या परिशिष्टात पुढे दुरुस्ती होऊन अंगठा गेल्यास कमाईची शक्ती शेकडा ३० घटते, तर्जनी सबंध गेल्यास १४, मधले बोट गेल्यास १२, अनामिका वा करंगळी गेल्यास ७, असे कोष्टक घातले गेले. ज्या हाताला कोणत्याही दफ्तरात जागा नव्हती, त्याला अखेर तुटल्यावर जागा मिळाली. स्वतःच्या गोठ्यात स्वतःची बोटे गमावणारी शेतकरीण या कोष्टकातही येत नाही.

तुटलेले बोट पुन्हा जोडता येते हे येथे अद्याप पुष्कळांस ठाऊक नाही. जपानमधील नारा येथे १९६५ साली पूर्णतः तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या सांधून बसविण्यात आला. आता पुण्या-मुंबईस अशा शस्त्रक्रिया होतात. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये, जखमेत हळद वा चहाची पूड भरू नये, ती स्वच्छ कापडाने दाबून हात उंच धरावा, आणि वाटेतूनच रुग्णालयास फोन करावा. विळ्याची जखम दिसण्यात लहान असली, पण त्यापुढचे बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल, तर आत स्नायुबंध वा मज्जातंतू कापला गेला आहे असे धरून त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा. नखुर्ड्यावर लिंबू बसविण्याने थोडा आराम वाटेलही. परंतु सबंध बोट सुजून अर्धवट वाकलेले राहिले आणि सरळ करताना कळ मारू लागली, तर पू स्नायुबंधाच्या आवरणात उतरला आहे, आणि दोन दिवसांच्या विलंबात ते बोट कायमचे ताठरते. याउलट हातावर फिकट चट्टा असून चुलीचा चटका कळला नाही, तर वेदना नाही म्हणून समाधान मानू नये. तो कुष्ठरोग असू शकतो, त्याचे औषध सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते, आणि वेळेवर घेतल्यास बोटे वाकडी होत नाहीत.

या खोऱ्यातील हाडवैद्यांच्या घराण्यांस आणि त्यांच्याकडे विश्वासाने जाणाऱ्या गावकऱ्यांस माझी विनंती एवढीच आहे की, कोणताही हात बांधण्यापूर्वी त्याचे क्ष-किरण चित्र काढून घ्यावे, बांधल्यावर पहिल्या रात्री दोन वेळा त्याची बोटे पाहावीत, आणि एका साध्या वहीत कोणाचा हात केव्हा बांधला, केव्हा सोडला आणि सहा महिन्यांनी तो कसा चालतो, हे लिहून ठेवावे.