उन्हातल्या दोन नळ्या

लोणच्याची बरणी उन्हात ठेवणं आपल्याला नवीन नाही. आज आम्ही सांगणार आहोत, एका बाईंनी उन्हात ठेवलेल्या काचेच्या दोन नळ्यांची गोष्ट.

साल १८५६, देश अमेरिका. युनिस फूट यांनी ४ इंच रुंद, ३० इंच लांब अशा दोन नळ्या घेतल्या. दोन्हींत थर्मामीटर ठेवले. एकीत साधी हवा, दुसरीत कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपल्या श्वासातून आणि चुलीतून बाहेर पडतो तो वायू. उन्हात ही दुसरी नळी जास्त तापली. उन्हातून काढल्यावर निवायलाही तिला कितीतरी जास्त वेळ लागला. बाईंनी लिहिलं, हवेत पूर्वी कधी हा वायू जास्त असेल, तर पृथ्वीही जास्त तापलेली असणार.

याच बाईंनी १८४८ मध्ये स्त्रियांच्या हक्काच्या जाहीरनाम्यावर सही केली होती. पण विज्ञान परिषदेत त्यांचा निबंध वाचला तो प्रोफेसर जोसेफ हेन्री यांनी.

तीन वर्षांनी लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी पुढचं पाऊल टाकलं. तवा तापला की हात न लावताही धग लागते ना? ती न दिसणारी धग, म्हणजे अवरक्त किरण, हा वायू शोषतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. पुस्तकांत नाव त्यांचं राहिलं.

वायू धग कशी शोषतो? झोक्याला त्याच्या तालात धक्का दिला, तरच झोका चढतो. या वायूचे कणही आपल्या तालाचीच धग घेतात. असे ताल अनेक. यंत्रावर प्रत्येकाची वेगळी रेघ उमटते, कुठली ठळक, कुठली पुसट. रेघ किती ठळक, याचा हिशेब तापमानाप्रमाणे बदलतो.

१८९६ मध्ये स्वीडनच्या अरेनियसनी पृथ्वी किती तापेल याचं गणित हातानं मांडलं. पुढे संगणक आले. १९७३ मध्ये हवेतल्या वायूंच्या लाखाहून जास्त रेघांची यादी छापली गेली. उपग्रहावरून हवेतला कार्बन मोजतात, तो अशाच याद्यांच्या आधारानं. रेघेचा हिशेब चुकला, तर मापही चुकतं.

फूटबाईंचा निबंध लोकांपुढे पुन्हा आला २०११ मध्ये. दीडशे वर्षांनी!

म्हणून मैत्रिणींनो, गटाच्या वहीत नुसता ठराव लिहू नका. तो कुणी सुचवला, तिचं नावही लिहा.